ज्युदो शिकताय? आधी पडायला शिका

पस्तिशी म्हणजे उशीर नव्हे, बिनधास्त या. सुरुवातीला भर उकेमीवर, म्हणजे पडण्याच्या सरावावर. हनुवटी छातीशी, हात मॅटवर सपाट आपटायचा. तळहात टेकून सावरायला गेलात की मनगट गेलंच. (माझं गेलं होतं.)

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- श्वास कोंडून, हात ताठ करून झोंबणं.
- थोपटायला, म्हणजे हार मानल्याची खूण करायला, लाजणं. गळा आवळला की दोनदा थोपटा, समोरचा सोडतो. आपण आवळतो तेव्हा कुणाचा तरी श्वास आपल्या हातात असतो. राग घेऊन आलेली पोरं तिथेच गप्प होतात.

१८८२ मध्ये ज्युदो सुरू करणाऱ्या जिगोरो कानोंनी घातक डाव मोकळ्या झुंजीबाहेर ठेवले, म्हणून जोर लावता येतो.

पट्टा, स्पर्धा नंतर बघू. नखं तेवढी कापून या.