"मॅडम, मी गद्दार आहे का?"

खुर्चीत बसायच्या आधीच त्याने हे विचारलं. आपण त्याला सुमित म्हणू, खरं नाव वेगळंय. साताऱ्यात डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला, गोडोलीत चौघांचा फ्लॅट. सबमिशन झालं म्हणून रात्री बसले होते, सुमित पीत नाही त्यामुळे चकणा आणि गाणी त्याच्याकडे. एकाने पैजेवर क्वार्टर पाणी न घालता मारली, तीही एका दमात, आणि अर्ध्या तासात आडवा. बाकीचे म्हणाले झोपू दे रे, सकाळी उतरेल, एकजण लिंबू पिळून घेऊन आला.

लिंबू, ताक, कॉफी, डोक्यावर गार पाणी, आमच्या हॉस्टेललाही हेच चालायचं आणि उपयोग शून्य. लिव्हर आपल्याच गतीने काम करतं आणि पोटात गेलेली दारू माणूस आडवा झाल्यावरही रक्तात चढत राहते, म्हणजे "आता पीत नाहीये ना" हा दिलासा फुसका. बेशुद्ध माणसाच्या तोंडात लिंबूपाणी ओतलं तर ते फुप्फुसात जायची भीती, ते वेगळंच.

सुमितचं लक्ष गेलं घोरण्याकडे. मधेच थांबायचं, हा मनात आकडे मोजायचा, एकदा बारापर्यंत गेला तरी श्वास नाही. ओठ निळसर, हात गार, चिमटा काढला तरी हूं की चूं नाही. दोन श्वासांत 10 सेकंदांची गॅप पडली किंवा मिनिटाला 8 पेक्षा कमी श्वास झाले तर ती झोप नसते, जिवावरचं असतं. हे त्याला कुठं माहीत होतं, त्याला नुसतं बरं वाटेना. कुशीवर वळवला आणि तेवढ्यात उलटी झाली, उताणाच राहिला असता तर घशात अडकली असती.

मग 108 वरून भांडण. पोलीस येतील, घरी कळेल. आपल्याकडे कडक दारूला वयाची अट 25 आणि ही पोरं विशीतली, म्हणजे भीती अगदीच हवेतली नव्हती, पण त्यापायी एकाने सुमितचा मोबाईलच हिसकावला. हा जिने उतरून खाली पळाला, वॉचमनच्या फोनवरून अँब्युलन्स बोलावली. हॉस्पिटलमधून मित्राच्या घरीही यानेच कळवलं. पहाटे दहिवडीहून वडील आले, स्वेटर उलटा घातलेला.

मी म्हटलं, अरे, चुगली माणूस मागाहून करतो, तू तर त्याचा श्वास अडकत होता तेव्हा फोन केलास. आणि पुढच्या वेळी कोण पिणार नाही ते आधीच ठरवा, गाड्यांच्या चाव्या त्याच्याकडे द्या, जास्त झालेल्याला खोलीत एकटं टाकू नका, कुशीवर झोपवून कुणीतरी जागं राहा.

"पुढची वेळ कुठली मॅडम, मला ग्रुपमधून काढलंय," म्हणाला आणि रडायलाच लागला. मग तासभर दारूचा विषयच निघाला नाही, जेवायला एकटा बसतो त्याबद्दलच बोलत होता.

दोन महिन्यांनी परत आला. ग्रुपमध्ये घेतलंय म्हणाला. तो मित्र अजून फार बोलत नाही, पण पोवई नाक्यावर हा चालताना दिसला की गाडी थांबवतो, फ्लॅटपर्यंत सोडतो.