दीड वर्षाची जुळी एकमेकांना चावतात, कसं थांबवायचं?

ज्याला चावलंय त्याला आधी जवळ घ्या; चावणाऱ्याला त्याच्या उंचीवर वाकून "चावायचं नाही, दुखतं" एवढंच सांगा आणि जरा लांब बसवा. उलट चावून दाखवणं अजिबात नको, त्यातून चावलं तर चालतं हेच ते शिकतं. या वयात "दे", "माझं आहे" हे नीट बोलता येत नाही, म्हणून दात चालतात. शिवाय पहिल्या दाढा साधारण १३ ते १९ महिन्यांत येतात, हिरड्या शिवशिवतात. वेळा लक्षात ठेवा: बहुतेकदा झोपेआधी, भुकेच्या वेळी किंवा एकाच खेळण्यावरून. तेव्हा दोघांच्या मध्ये बसा, लाडक्या खेळण्याचे दोन नग ठेवा, गार टीदर, म्हणजे दात येताना चावायचं खेळणं, द्या (फ्रीजरमधलं नको, फार कडक होतं). मात्र कातडी फुटली तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवा आणि डॉक्टरांना दाखवा.