एसएलआर (सेल्फ-लोडिंग रायफल) साफ केल्यावर गॅस पिस्टनलाही (गॅसच्या दाबाने मागे सरकणारा दांडा) तेल लावायचे का?
नाही, फायरिंगला न्यायच्या रायफलचा पिस्टन, गॅस प्लग आणि गॅस सिलिंडर कोरडेच ठेवायचे. दर गोळीमागे त्यांतून तापलेला गॅस जातो; तेल जळून त्याचा कार्बन साचतो, पिस्टन जड चालतो आणि पुढची गोळी नीट भरली जात नाही. तेलाचा हात ब्रीच ब्लॉक (गोळीमागून नळी बंद करणारा सरकता भाग) आणि त्याच्या सरकण्याच्या जागांना द्या, तोही हलकाच. बॅरलमध्ये पुलथ्रू (चिंधी लावलेली दोरी) चेंबरकडून, म्हणजे गोळी बसते त्या मागच्या बाजूने, घालून नळीच्या तोंडातून ओढायचा. चिंधी स्वच्छ निघेपर्यंत थांबू नका. रायफल बराच काळ शस्त्रागारात राहणार असेल, विशेषतः कोकणातल्या पावसाळ्यात, तर गॅसच्या भागांनाही तेलाचा पातळ थर द्यावा, मात्र फायरिंगआधी तो पूर्ण पुसून काढायचा. आणि सगळ्यात आधी मॅगझीन काढून चेंबर रिकामे आहे हे डोळ्यांनी पाहा, प्रत्येक वेळी.