वाचकांचे प्रश्न : आधारची झेरॉक्स, अंगठा आणि बिलावरचा नंबर

प्रश्न : दाखल्याच्या कामाला कलेक्टर ऑफिसकडं गेलो की जवळच्या झेरॉक्स सेंटरला आधार-पॅन व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून प्रिंट घेतो. नंतर मेसेज ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ करतो. एवढं पुरे का?
– एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : नाही. दुकानदार व्हॉट्सअ‍ॅप वेबवरून प्रिंट देतो तेव्हा फाइल बहुधा आधी संगणकाच्या ‘डाउनलोड्स’ फोल्डरमध्ये उतरते. मेसेज पुसला की तो चॅटमधून जातो. फोल्डरमधली प्रत तिथंच राहते. दुकानदार भला असेलही, पण त्या संगणकावर दिवसभर कोण कोण बसतं ते त्यालाही सांगता यायचं नाही. म्हणून पाठवतानाच कमी पाठवा.

आधार देणाऱ्या युआयडीएआय या सरकारी संस्थेच्या ‘मायआधार’ संकेतस्थळावर आधार क्रमांक आणि ओटीपी टाकून लॉगिन करा. ‘डाउनलोड आधार’मध्ये ‘मास्क्ड आधार’च्या चौकटीत खूण केली की पहिले आठ अंक झाकलेली आणि शेवटचे चारच दाखवणारी पीडीएफ मिळते. तिला पासवर्ड असतो : नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढं जन्मसाल. दुकानात हीच कुलूपबंद फाइल द्या आणि पासवर्ड स्वतः कीबोर्डवर टाका. बरेच जण पासवर्डही मेसेजमध्येच लिहून पाठवतात, मग कुलूप असून काय उपयोग? अर्थात नाव आणि जन्मसाल माहीत असणाऱ्याला तो ओळखता येतो, म्हणून पासवर्डवर विसंबून पूर्ण क्रमांकाची फाइल देऊ नका.

प्रिंट हातात आली की डाउनलोड्स आणि रिसायकल बिन, दोन्हींतून फाइल काढायला लावा. उभ्या उभ्या मिनिटभराचं काम आहे. खराब निघालेली प्रतही मागून घ्या. ती बहुतेकदा पाठकोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यात जाते. द्यायच्या प्रतीवर ‘फक्त अमुक कामासाठी’ आणि तारीख असं तिरपं लिहा, अक्षरं फोटोवरून थोडी जाऊ द्या. त्यानं गैरवापर अशक्य होत नाही, पण तीच प्रत दुसरीकडं खपवणं अवघड जातं.

अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्या पाहुण्यांनाही हे सांगा. लॉजवर ओळख पटवायला मास्क्ड आधार किंवा ड्रायव्हिंग लायसन्स दाखवता येतं. सरकारी अनुदान थेट खात्यावर घ्यायचं असेल तिथं मात्र पूर्ण क्रमांक लागतो.

प्रश्न : वडिलांनी जमिनीचा दस्त नोंदवला, त्यावर अंगठ्याचा ठसा आहे. अशा ठशावरून खात्यातले पैसे काढतात असं ऐकलं. खरं का?
– एक वाचक, कागल तालुका

उत्तर : खरं आहे. दस्तांवरून ठसे उचलून त्यांचे नकली साचे बनवल्याची प्रकरणं देशात उघडकीला आली आहेत. गावोगावच्या बँक मित्राकडं अंगठ्यावर पैसे मिळतात ती एईपीएस पद्धत. तिला बँकेचं नाव, आधार क्रमांक आणि ठसा एवढंच पुरतं. ओटीपी येत नाही, पिन लागत नाही. दस्ताच्या जोडपत्रात आधारची पूर्ण प्रतही असली की चोराला वेगळं काही शोधावं लागत नाही.

यावर उपाय बायोमेट्रिक लॉकचा, म्हणजे आधारसाठी ठशाची पडताळणी बंद ठेवण्याचा. मायआधारवर किंवा आधारच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये तो लावता येतो. आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू हवा, कारण ओटीपी त्यावरच येतो. नंबर जुना असेल तर आधी तो बदलावा लागेल.

लॉक लावला आणि घरात कुणाला सांगितलं नाही, की गोंधळ ठरलेला. रेशन दुकानात अंगठा लागत नाही, पेन्शनरांचा हयातीचा दाखला अडतो आणि सगळे बोट साबणानं धुऊन पुन्हा पुन्हा मशीनवर ठेवत बसतात. मशीनवर ३३० हा एरर कोड आला तर दोष बोटाचा नाही, लॉक चालू आहे. काम असेल तेव्हा तात्पुरतं अनलॉक करा. थोड्या वेळानं लॉक आपोआप परत लागतो. ‘आधार क्रमांक लॉक’ हा पर्याय वेगळा आहे, त्याला आधी व्हर्च्युअल आयडी (आधार क्रमांकाऐवजी वापरायचा क्रमांक) काढावा लागतो. तुमच्या कामाला बायोमेट्रिक लॉकच पुरे.

मायआधारवरच ‘ऑथेंटिकेशन हिस्टरी’ बघा. मागच्या सहा महिन्यांत आधार कुठं वापरलं ते दिसतं. वडील घरी असताना बोटाच्या ठशाची नोंद दिसली तर बँकेत लेखी कळवा आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा.

प्रश्न : राजारामपुरीतल्या एका दुकानात मोबाइल नंबर दिल्याशिवाय बिल निघत नाही म्हणाले. द्यावाच लागतो का?
– एक वाचक

उत्तर : नाही. ग्राहक व्यवहार मंत्रालयानं मे २०२३ मध्येच अशी सक्ती करू नका असं बजावलं आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिल न देणं आणि ग्राहकानं विश्वासानं दिलेली माहिती परस्पर दुसऱ्याला देणं, दोन्ही अनुचित व्यापारी प्रथेत मोडतात. अडवणूक झाली तर ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार करा. पुष्कळदा काउंटरवरच्या मुलाला सॉफ्टवेअरमधला रकाना रिकामा सोडता येत नाही. त्याच्याशी हुज्जत घालण्यापेक्षा मालकाला सांगा.

वैयक्तिक माहितीसाठीचा वेगळा कायदा २०२३ चा. त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, पण तो सरकारजमा होतो. ज्याची माहिती फुटली त्याला त्यातून भरपाई मिळत नाही. वाजतगाजत आलेल्या कायद्यातली ही मोठी उणीव आहे, असं आमचं मत.

प्रश्न : व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आरटीओ चलन’ नावाची फाइल आली, उघडली आणि इन्स्टॉलही झाली. आता?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : आधी मोबाइल डेटा आणि वाय-फाय बंद करा. मग दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला सांगून खातं, कार्ड, यूपीआय थांबवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० लावा. पैसे पुढच्या खात्यांत पांगायच्या आत गोठवता आले तरच हाताला लागतात. फाइलच्या शेवटी ‘एपीके’ असेल तर ते चलन नव्हे, अ‍ॅप आहे. ते एसएमएस वाचायची परवानगी घेतं, म्हणून तुम्ही कुणाला ओटीपी न सांगताही तो चोरापर्यंत पोहोचतो.

अशी अ‍ॅप्स बहुधा साधी निघत नाहीत. फोन सेफ मोडमध्ये (त्यात बाहेरून घेतलेली अ‍ॅप्स चालत नाहीत) सुरू करा, सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस अ‍ॅडमिन’ आणि ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’मधून त्याची परवानगी काढा, मग अनइन्स्टॉल करा. पैशाचे व्यवहार त्याच फोनवर होत असतील तर फोटो बाजूला काढून फॅक्टरी रिसेट केलेलाच बरा. व्हॉट्सअ‍ॅपमधली ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ तपासा, टू-स्टेप पिन लावा आणि ग्रुपवर सांगून टाका, कारण तीच फाइल तुमच्या नावानं पुढं गेलेली असू शकते.

बँकेकडून तक्रारीचा क्रमांक घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे ग्राहकाचा निष्काळजीपणा ठरला तरी, कळवल्यानंतर झालेलं नुकसान बँकेचं. सहकारी बँकांनाही हे लागू आहे, म्हणून कळवल्याची वेळ लिहून ठेवा.

प्रश्न : माझ्या नावावर किती सिम आहेत ते कुठं कळेल?
– एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर मोबाइल नंबर आणि ओटीपी टाकला की यादी येते. महाराष्ट्रात एका नावावर ९ सिमची मर्यादा आहे. अनोळखी नंबरापुढं ‘हा माझा नंबर नाही’ हा पर्याय निवडून कळवता येतं. त्याआधी घरच्यांना काढून दिलेली सिम आठवून घ्या. नाहीतर हॉस्टेलवरच्या मुलीचाच नंबर बंद व्हायचा.