विभागाचे वार्तापत्र प्रथमच हाती घेणाऱ्यास

गोवा विद्यापीठाच्या गोवा बिझनेस स्कूलमध्ये वाणिज्य आणि व्यवस्थापनाबरोबर अर्थशास्त्र व संगणकशास्त्रही येत असल्यामुळे, ताळगावच्या पठारावरील या विद्यापीठातून येणारी प्रत्येक बातमी एकाच साच्यात बसवण्याचा मोह तुम्ही टाळावा.

सर्वांत जास्त काळजी शब्दांची घ्यावी लागते. नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) उत्तीर्ण होणे म्हणजे सहायक प्राध्यापकपदासाठी पात्र ठरणे, तर जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) म्हणजे त्यापुढे जाऊन संशोधनासाठी अधिछात्रवृत्तीस पात्र होणे. हे दोन्ही एकच समजून लिहिले, तर ज्याने अधिक मिळवले त्याच्यावर अन्याय होतो. पेटंटचेही तसेच आहे. अर्ज साधारणतः 18 महिन्यांनी पेटंट कार्यालयाच्या नियतकालिकात प्रसिद्ध होतो, पण प्रसिद्ध होणे म्हणजे पेटंट मिळणे नव्हे, आणि नेमकी हीच चूक अभिनंदनाच्या घाईत वारंवार होते. एकदा ती माझ्याकडूनही झाली होती. शोधनिबंध स्वीकारला गेला की छापून आला, हेही विचारून घ्यावे.

नावांबाबत गोव्यात विशेष जपावे लागते. रोमन लिपीतील कागदावर पोर्तुगीज वळणाने 'पोरोबो' असेल तर मूळ आडनाव प्रभू असते आणि 'कामोतिम' असेल तर कामत. परंतु काही कुटुंबे जुनेच रूप आवडीने वापरतात, म्हणून स्वतःच्या मनाने दुरुस्ती न करता त्या व्यक्तीलाच फोन करावा.

छायाचित्रांसाठी फार धडपडू नये. मात्र पुष्पगुच्छ देणारे पाहुणे मध्यभागी आणि पुरस्कार मिळालेली विद्यार्थिनी कडेला, असे छायाचित्र मी तरी छापत नाही.