रोज जिंकणाऱ्या गँगच्या म्होरक्याला

प्रिय दोस्ता,

तुझा मेसेज वाचला. ‘जीटीए’ या व्हिडिओ गेमच्या रोलप्ले सर्व्हरवर, जिथे प्रत्येक जण एखादं पात्र होऊन वावरतो, तू गँग उभी केलीस, हत्यारं जमवलीस, प्रत्येक चकमक तुम्हीच जिंकता. आणि आता तुमच्या गाड्या दिसल्या की समोरचे रस्ता बदलतात, काही तर सर्व्हरच सोडून गेले. तू त्यांना रडके म्हणतोस. एखाददुसरा असेलही. पण दिवसभर कामावर राबलेला माणूस जेवून दोन तासांसाठी लॉस सँटोस या खेळातल्या शहरात येतो, आणि त्यातला बराच वेळ तिथल्या पिलबॉक्स हॉस्पिटलच्या खाटेवर डॉक्टरची वाट बघत काढतो. वर ‘न्यू लाइफ रूल’ असेल, तर आपल्याला कोणी का मारलं हे त्याच्या पात्राने विसरायचं. बंदूक काय, चार दिवसांत दुसरी मिळते. त्याची रात्र वाया गेली आणि पुढे खेळायला धागा उरला नाही, हे त्याचं खरं नुकसान.

हे दुखणं जुनं आहे. एसेक्स विद्यापीठात १९७८ साली सुरू झालेल्या ‘मड’ या अनेकांनी मिळून खेळायच्या, मजकुरावर चालणाऱ्या खेळाचे एक कर्ते रिचर्ड बार्टल. त्यांनी १९९६ मध्ये खेळाडूंचे चार स्वभाव मांडले, तेव्हाच बजावून ठेवलं होतं की इतरांना मारण्यातच रमणारे वाढले की गप्पांसाठी, माणसांसाठी येणारे झपाट्याने कमी होतात. तुझ्या सर्व्हरवर तेच चाललंय.

आता आपल्या खेळातल्या फ्लीका बँकेचा दरोडा बघ. आत ओलीस, बाहेर पोलीस, मग घासाघीस: एक ओलीस सोडतो, रस्त्यावर खिळेपट्टी टाकायची नाही, दुसरा सोडतो, पहिल्या वळणापर्यंत पाठलाग नको. इथे पोलीस कितीदा तरी हरतात, तरी उद्या पुन्हा हजर. का? हरल्यावरही त्यांच्या हातात काम असतं. गाडीचा नंबर, सोडलेल्या ओलिसाचा जबाब, कोणाचा तरी ओळखीचा आवाज. दरोडेखोर पकडला गेला तर त्यालाही चौकशी आहे, वकील आहे, तुरुंगातली नवी ओळख आहे. तुमच्या गल्लीतल्या गोळीबारात यातलं काय असतं? ‘हात वर’ म्हणायच्या आत समोरचा आडवा.

म्हणून पहिली गोळी झाडण्याआधी समोरच्याला निवड दे, आणि ती खरी असू दे. पैसे दे, नाव सांग, नाहीतर आमच्यासाठी एक निरोप पोचव. त्याने काहीही निवडलं तरी पुढचा प्रसंग तयार होतो. कृती टाइप करून सांगतो तेव्हाही हेच. आपल्या पात्राची कृती सांगणारी ‘स्लॅश मी’ (/me) कमांड लिहून ‘त्याला पाडून हात बांधले’ असं परस्पर उरकलंस, तर ते पॉवरगेमिंग, म्हणजे समोरच्याला संधीच न देता निकाल लादणं. ‘बांधायचा प्रयत्न करतो’ लिही आणि प्रसंगात काय झालं ते विचारायच्या ‘स्लॅश डू’ (/do) कमांडने विचार, गाठ पक्की बसली का? तो बहुधा ‘बसली’च म्हणेल. लोक हरायला तयार असतात रे, फक्त कसं हरायचं ते त्यांना स्वतः सांगायचं असतं.

सिंधुदुर्गातल्या जत्रेत दशावतार बघितलायस ना? दैत्य मरणार हे तो रंगमंचावर आला तेव्हाच सगळ्यांना ठाऊक असतं. संवाद लिहिलेले नसतात, दोघं नट जागच्या जागी रचत जातात. देवाने दैत्याला बोलूच दिलं नाही, तर लोक उठून भज्यांच्या गाडीकडे जातील. पखवाजावर युद्ध रंगतं ते दोघांनी एकमेकांना जागा दिल्यामुळे, आणि मेलेल्या दैत्यालाही टाळ्या पडतात.

टेबलाभोवती बसून फाशांवर खेळायच्या रोलप्ले खेळांत यासाठी चक्क नियम आहे. २०१३ च्या ‘फेट कोअर’मध्ये फासे पडण्याआधी तुम्ही हार कबूल करू शकता. शत्रूला हवं ते मिळतं. पण तुम्ही प्रसंगातून कसे बाहेर पडता यावर तुमचा शब्द चालतो, शिवाय पुढे वापरायला गुण मिळतात. आपल्याकडे असा नियम नसेल तर नसो, दोन म्होरक्यांत तेवढं ठरू शकतं. एखादं पात्र कायमचं मारायचं असेल, तर त्या खेळाडूला आधी वेगळं गाठून विचार. त्याने नाही म्हटलं की विषय संपला.

कॉम्बॅट लॉग करणारे, म्हणजे हरताना गेमच बंद करून पळणारे, किंवा तुमची लाइव्ह स्ट्रीम बघून तुमचा ठिकाणा काढणारे, यांच्यावर डोकं शिणवू नकोस. ॲडमिनकडे तक्रारीचं तिकीट टाक आणि मोकळा हो.

क्लिपांबद्दल मात्र बोलायलाच हवं. तुमची मुलं पडलेल्या माणसाभोवती नाचतात आणि तेच डिस्कॉर्डवर टाकतात. पात्राने पात्राला शिव्या घालाव्यात, जरूर घालाव्यात. माइकमागच्या माणसाला हसलात की तो परत येत नाही. टाकायचीच असेल, तर त्याचा एखादा झकास डायलॉग असलेली क्लिप टाक.

आणि तुम्हीही काहीतरी गमवा. गोदाम जाऊ दे, एखादा माणूस फुटू दे. गँगमधली पोरं कुरकुरतील, कारण त्यांना तू फक्त जिंकायला शिकवलंयस. गेल्या आठवड्यात ज्यांना झोपवलंत, त्यांच्या म्होरक्याला आजच खेळाबाहेर मेसेज टाक: ‘तुमच्या लोकांचा सूड अजून बाकी आहे. शनिवारी गोदामावर आमची दोनच माणसं ठेवतो. बातमी कोणी फोडली ते तुम्ही ठरवा.’

तुझा,
दादा