कार्डाची मुदत संपली म्हणजे कर सुटला असं नाही

प्रश्न: न्यू जर्सीत राहतो. ग्रीन कार्डाला नऊ वर्षं झाली, मुदत पुढच्या वर्षी संपते. तेव्हाच पुण्याला कायमचं परतायचं आहे. नागरिकत्व घ्यावं का? पुण्यात 20 लाखांच्या एफडी आहेत, म्युच्युअल फंडांत 40 लाखांचे 70 झालेत. हे सगळं भारतातलं, म्हणून अमेरिकेच्या रिटर्नमध्ये कधी दाखवलं नाही. गेल्या वर्षी एजंटने 5 लाख हप्त्याचं युलिप (विमा आणि गुंतवणूक एकत्र असलेली पॉलिसी) दिलं.

उत्तर: नागरिकत्वाचं नंतर बघू. ‘कधी दाखवलं नाही’ हे आधी निस्तरायला हवं. ग्रीन कार्डवाल्याला जगभरच्या उत्पन्नावर नागरिकासारखाच कर लागतो. दोघांत फरक आहे तो मताचा, पासपोर्टचा आणि हवं तितकं बाहेर राहण्याच्या हक्काचा.

परदेशी खात्यांची बेरीज वर्षात एक दिवस जरी 10,000 डॉलरच्या वर गेली, तरी एफबार (त्या खात्यांची माहिती देणारा अमेरिकन फॉर्म) भरावा लागतो. डॉलर 90 रुपये धरा: मर्यादा 9 लाख, तुमचे 90 लाख. भारतीय फंड अमेरिकेत पीएफआयसी, म्हणजे जास्त कर लागणारी परदेशी गुंतवणूक, ठरतात. फॉर्म 8621 प्रत्येक फंडाचा वेगळा. दीर्घ मुदतीच्या नफ्यावरचा 15 टक्क्यांचा दर विसरा. 30 लाखांच्या नफ्यावर 37 टक्क्यांनी जवळपास 11 लाख, वर मागल्या वर्षांचं व्याज.

चूक जाणूनबुजून केलेली नसेल तर ‘स्ट्रीमलाइन्ड’ वाट आहे: तीन वर्षांची दुरुस्त रिटर्न्स, सहा वर्षांचे एफबार आणि त्या 90 लाखांवर 5 टक्के दंड, म्हणजे साधारण 4.5 लाख. आयआरएसने, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याने, चौकशी सुरू केली की ही वाट बंद. चूक कशी झाली ते सांगायच्या फॉर्म 14654 वर ‘माहीत नव्हतं’ एवढंच लिहू नका. कोणी काय सांगितलं, कधी कळलं, सगळं लिहा. गुपचूप नुसते एफबार भरून मोकळं होऊ नका. दोन्ही देशांचा कर जाणणारा सीपीए (अमेरिकेतला सीए) गाठा.

युलिपचा दुसरा हप्ता भरू नका. पॉलिसी बंद करण्याची वजावट फार तर 6,000 रुपये; उरलेले पैसे पाच वर्षं झाल्यावर मिळतील. ‘एनआरआयसाठी खास’ म्हणून विकणाऱ्याने तुमच्या अमेरिकन कराचा एक प्रश्नही विचारला नसणार.

आता नागरिकत्व. परतायचं पक्कं असेल तर घेऊ नका. पण कार्डाची मुदत संपली म्हणून कर थांबत नाही. फॉर्म आय-407 देऊन कार्ड सोडावं लागतं. पंधरांपैकी आठ वर्षं कार्ड असलेल्याने ते सोडताना मागची पाच वर्षं कर नीट भरल्याचं फॉर्म 8854 वर लिहून द्यायचं असतं. ते देता आलं नाही, तर संपत्ती 20 लाख डॉलरच्या खाली असूनही एक्झिट टॅक्सचे (अमेरिका कायमची सोडतानाच्या कराचे) नियम लागतात आणि आयआरए (निवृत्तीचं खातं) असेल तर तो सगळा एका दिवसात उत्पन्नात धरतात.

तुमची दुरुस्त होणार तीनच वर्षं. म्हणून कार्डाचं नूतनीकरण करा, पुढची दोन रिटर्न्स चोख भरा, मग आय-407 द्या. परतणं थोडं लांबेल.